दोनशे मैलांचा दिवस

भूलतज्ज्ञाचे आयुष्य अनपेक्षिताची अपेक्षा करण्यात जाते. रुग्ण टेबलावर येण्यापूर्वीच आमच्या मनात प्रश्नांची मालिका सुरू झालेली असते. नळी सहज गेली नाही तर काय, रक्तदाब कोसळला तर काय, रक्तस्राव वाढला तर काय? उत्तरे हाताशी ठेवल्याखेरीज आम्ही सिरिंज उचलत नाही. ही सवय निवृत्तीनंतर प्रवासाच्या आखणीत उपयोगी पडेल, असे मला वाटत होते. ती उपयोगी पडली; परंतु मला अपेक्षित होती त्या रीतीने नव्हे.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी, माझी पत्नी आणि आमची मुलगी असे तिघे अमेरिकेतील न्यू जर्सीपासून ॲरिझोना राज्यातील फिनिक्सपर्यंत मोटारहोममधून गेलो. अंतर सुमारे पावणेतीन हजार मैल, म्हणजे जवळजवळ ४,४०० किलोमीटर. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. तथापि, स्थळांची वर्णने आता सर्वत्र मिळतात. मला सांगावयाचे आहे ते त्या प्रवासाच्या आखणीविषयी. कारण आमच्या सोबत एक चौथा प्रवासी होता, आणि तो होता पार्किन्सनचा आजार.

प्रवासाचे कारण

पत्नीला हा आजार असल्याचे निदान २०१७ मध्ये झाले. इंदूरच्या शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. नकाशावर बोट ठेवून जग दाखविणाऱ्या या बाईचे स्वतःचे जग मात्र हळूहळू आक्रसत चालले होते. त्या वर्षी मे महिन्यात आम्ही मुलीकडे गेलो. विमानाच्या अरुंद मार्गिकेत, स्वच्छतागृहाच्या दारापुढे, तिचे पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबले. आम्ही डॉक्टर याला ‘फ्रीझिंग’ म्हणतो. मागे माणसांची रांग लागलेली, पुढे उघडे दार, आणि पाऊल काही केल्या उचलेना. त्या दहा मिनिटांविषयी ती नंतर कधीच बोलली नाही. एवढेच म्हणाली, “परतीच्या वेळी बसावे लागेल ते बसेन; मधे मात्र मला पुन्हा विमानात घालू नका.”

आणि मधेच प्रसंग उभा राहिला. जावयांची बदली फिनिक्सला झाली. ते आधी गेले. सामान ट्रकने जाणार होते. मुलीला नव्या नोकरीपूर्वी महिनाभराची सवड होती. तिनेच मोटारहोमची कल्पना काढली. पलंग, छोटे स्वयंपाकघर आणि चार पावलांवर स्वच्छतागृह. वारंवार लघवीची घाई होणाऱ्या आणि दिवसातून दोनदा आडवे व्हावे लागणाऱ्या रुग्णासाठी याहून सोयीचे वाहन कोणते? शिवाय हिची एक जुनी इच्छा होती. तीस वर्षे फळ्यावर खडूने काढलेली कोलोरॅडो नदीची घळई, अर्थात ग्रँड कॅन्यन, तिला एकदा डोळ्यांनी पाहावयाची होती.

माझी पहिली आखणी

मी उत्साहाने कामास लागलो. आठवडाभरात तक्ता तयार झाला. शिकागोवरून डेन्व्हर, तेथून रॉकी पर्वत ओलांडून युटा, मग खाली ॲरिझोना. नऊ दिवस, बारा प्रेक्षणीय स्थळे, रोज सरासरी साडेतीनशे मैल. प्रत्येक दिवसाचा रकाना वेळेसह भरलेला. मी तो कागद मोठ्या अभिमानाने हिच्यापुढे ठेवला. चष्मा लावून तिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “अहो, ही प्रवासाची आखणी आहे की तुमची ऑपरेशनची यादी? यात दोन केसेसच्या मधे चहा प्यायलाही जागा नाही.”

मी समर्थन करू लागलो. ती पुढे म्हणाली, “आणि आणखी एक. तुम्ही सगळे मला विचारून करता असे दाखवता, पण विचारले मात्र नाही. मला काय बघायचे आहे, हे तरी आधी विचारा.”

चाळीस वर्षे रुग्णाची लेखी संमती घेतल्याखेरीज काम न करणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले. मी विचारले. उत्तर अगदी लहान होते. ग्रँड कॅन्यन पाहावयाचे, रोज उजेडी मुक्कामास पोहोचावयाचे, आणि लोकांच्या रांगेत घाई होईल असे कोठेही उभे राहावयाचे नाही. बाकी सारे तिने आमच्यावर सोपविले. तो तक्ता मी बाजूला ठेवला आणि दुसरा लिहावयास घेतला.

रस्त्याची निवड

अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांचे जाळे १९५६ च्या कायद्याने उभे राहू लागले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्यामागे त्यांचा स्वतःचा एक अनुभव होता. १९१९ मध्ये तरुण अधिकारी असताना ते लष्कराच्या वाहनतांड्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोस गेले होते, आणि त्या प्रवासास ६२ दिवस लागले होते! आजचे जाळे मात्र इतके सुबोध आहे की नवख्या माणसासही त्याची बाराखडी तासाभरात शिकता येते. सम क्रमांकाचे मुख्य मार्ग पूर्व-पश्चिम, विषम क्रमांकाचे दक्षिणोत्तर. सम क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात, विषम क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे. बहुतेक राज्यांत बाहेर पडण्याच्या फाट्याचा क्रमांक हाच मैलाचा क्रमांक असतो. त्यामुळे अंतर काढण्यास केवळ वजाबाकी पुरते. व्हर्जिनियात ८१ क्रमांकाच्या मार्गावर हॅरिसनबर्गचा फाटा २४७ आणि विदव्हिलचा ७३. म्हणजे एका दिवसाची मजल १७४ मैल. हिला हा प्रकार इतका आवडला की मुक्कामांची पुढील सर्व गणिते तिनेच केली.

पश्चिमेकडे जाणारे तीन मार्ग आमच्यापुढे होते. ८० क्रमांकाचा मार्ग वायोमिंगमध्ये ८,६४० फुटांपर्यंत चढतो, आणि तेथील वारे उंच वाहनांस त्रासदायक ठरतात. ७० क्रमांकाचा मार्ग सर्वांत देखणा. पण कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्यापाशी तो ११,१५८ फुटांवर पोहोचतो. या जाळ्यातील ती सर्वोच्च जागा आहे. पुढे युटात ग्रीन रिव्हर ते सलायना या शंभराहून अधिक मैलांच्या टप्प्यात पेट्रोल पंप, उपाहारगृह किंवा वस्ती काहीच नाही. उभे राहताच रक्तदाब उतरणाऱ्या रुग्णास घेऊन इतक्या उंचीवर आणि मदतीपासून इतके दूर जाण्यात शहाणपण नव्हते.

राहिला ४० क्रमांकाचा मार्ग. टेनेसी, आर्कान्सा, ओक्लाहोमा, टेक्सासचा उत्तर भाग, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना. चढ मंद, आणि सर्वांत उंच जागा फ्लॅगस्टाफजवळ सुमारे ७,३०० फुटांवर. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, मेम्फिस, लिटल रॉक, ओक्लाहोमा सिटी, अमॅरिलो, अल्बुकर्की, फ्लॅगस्टाफ अशी रुग्णालयांची गावे माळेतील मण्यांप्रमाणे या मार्गावर ओवलेली आहेत. अल्बुकर्की ते फ्लॅगस्टाफ हे अंतर मोठे, सुमारे सव्वातीनशे मैलांचे. तेथे मधले मुक्काम आम्ही मुद्दाम वाढविले.

न्यू जर्सीहून या मार्गास मिळण्यासाठी दोन पर्याय होते. किनाऱ्यालगतचा ९५ क्रमांकाचा मार्ग फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन अशा गजबजलेल्या शहरांमधून जातो. शिवाय बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांत, मोटारहोममध्ये स्वयंपाकासाठी असतात तशा प्रोपेन गॅसच्या टाक्यांना मज्जाव आहे. म्हणून आम्ही ७८ वरून हॅरिसबर्गनजीक ८१ वर वळलो आणि शेनान्डोआच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरलो. या मार्गावर मालट्रक फार. त्यावर उपाय एकच, उजवी मार्गिका सोडावयाची नाही आणि कोणाशी स्पर्धा करावयाची नाही.

एक सूचना येथेच करतो. फोनमधील नेहमीचे नकाशे मोटारीसाठी केलेले असतात. आपले वाहन किती उंच आहे हे त्यांना ठाऊक नसते. आमची गाडी २५ फूट लांब आणि सुमारे १२ फूट उंच. न्यू यॉर्क परिसरातील जुन्या पार्कवेंवर दगडी कमानी इतक्या ठेंगण्या आहेत की तेथे अशा वाहनांस बंदीच आहे. गाडीची उंची मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही चालकाच्या डोळ्यांपुढे चिकटविली होती.

दोन-दोन-दोन

मोटारहोमवाल्यांत एक नियम तोंडी चालत आलेला आहे. दिवसाला दोनशे मैलांहून अधिक नाही, दुपारी दोनच्या आत मुक्कामास, आणि एका जागी दोन रात्री. आम्ही तो थोडा सैल केला. दोन दिवस चालल्यावर एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि एकूण वेळापत्रकात दोन दिवस राखीव. राखीव दिवस कोणत्याही गावाच्या नावावर लिहावयाचे नाहीत, हे मी भूलशास्त्रातून घेतले. सुट्टा प्राणवायूचा सिलिंडर कोणत्या रुग्णासाठी आहे, हे आपण आधी ठरवत नाही.

दोनशे मैलांची मर्यादा रुग्णाइतकीच चालकासाठीही होती. गाडी चालविणारी मुलगी एकटी. घरून निघताना तिने मला बजावले, “बाबा, रस्ता तुम्ही सांगा, पण थांबायचे केव्हा ते मी सांगणार.” हा अधिकार तिच्याकडे राहिला आणि त्यामुळे वाद असा झालाच नाही.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चालत्या मोटारहोममध्ये पलंगावर पहुडावे, उठून चहा करावा, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात गाडी सुरू असताना सर्वांनी पट्टा बांधून बसणेच सुरक्षित. त्यामुळे दर दीड तासाने विश्रांतिस्थानावर थांबावयाचे. तेथे पलंग व स्वच्छतागृह आपलेच. रात्री छावणीच्या जागी वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी मिळते. सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. आधी शौचाची रिकामी करावयाची, मग धुण्याभांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे काम एकमताने माझ्याकडे आले. मी हातमोजे चढवून निघालो की मुलगी म्हणे, “बाबा ओटीला चालले!”

औषधांची पेटी

सहव्यवसायी बंधुभगिनींसाठी थोडे तपशिलाने लिहितो. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या मूळ वेष्टनात, मूळ नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह घेतल्या होत्या, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत. एक हरवली तर दुसरी असावी. हे औषध एकाएकी बंद पडले तर ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि शुद्ध हरपणे अशी जिवावरची अवस्था येऊ शकते, हे आपण जाणतोच. गोळी जेवणापूर्वी अर्धा तास. प्रथिनांमुळे तिचे शोषण घटते, म्हणून सकाळी पोहे किंवा उपमा, आणि उसळ-वरण रात्री.

हिच्या पर्समध्ये इंग्रजीत लिहिलेले एक कार्ड होते. निदान, औषधांच्या वेळा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘देऊ नये’ अशी यादी: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल. घाटात उलटी झाली आणि एखाद्या तातडीच्या कक्षात यांपैकी एखादे सहज टोचले गेले, तर आजार बळावतो. आपण अशा वेळी डोमपेरिडोन वापरतो. अमेरिकेत ते मान्यताप्राप्त नाही. म्हणून ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या सोबत ठेवल्या. त्यांची गरज पडली नाही, हे रस्त्याच्या निवडीचे श्रेय.

झोपण्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू आहे की नाही, हे मी रोज रात्री तपाशीत असे. जनित्र आणि गॅस एकाच छताखाली असलेल्या वाहनात ही तपासणी टाळणे म्हणजे ऑक्सिमीटर न लावता भूल देणे होय.

माझी चूक

दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन करून २१ सप्टेंबरला आम्ही निघालो. पहिले सहा दिवस इतके सुरळीत गेले की मी निर्धास्त झालो. सातव्या दिवशी, २७ तारखेस, नॉक्सव्हिल मागे टाकून आम्ही कंबरलँडच्या पठारावर चढलो. हिच्या दुपारच्या गोळीसाठी मी फोनवर गजर लावलेला होता. तो वाजला, गोळी दिली, आणि थोड्याच वेळात आम्ही एका विश्रांतिस्थानावर थांबलो.

ती पायऱ्या उतरली, दोन पावले चालली आणि थांबली. विमानात झाले होते तसेच. पाय जागचे हलेनात, हात कापू लागले, चेहरा निर्विकार. मी घड्याळ पाहिले. गोळीची वेळ तर बरोबर होती. मग माझी नजर मुलीच्या मनगटावरील जुन्या घड्याळाकडे गेली. त्यात एक तास पुढचा होता. पठारावर चढताना आम्ही पूर्वेकडील वेळेच्या पट्ट्यातून मध्य पट्ट्यात आलो होतो. फोनने आपणहून वेळ एक तास मागे घेतली होती, गजर त्या नव्या वेळेस वाजला होता, आणि गोळी तासभर उशिरा पोटात गेली होती.

नकाशावर ती सीमारेषा स्पष्ट छापलेली होती. मी पूल मोजले, उंची मोजली, रुग्णालये मोजली. आणि ज्या एका गोष्टीवर हिचे चालणे अवलंबून होते ती वेळ मात्र यंत्रावर सोपवून मोकळा झालो. मी धावत जाऊन तिचा दंड धरला आणि ओढू लागलो. घाबरलेल्या नवऱ्याने करावी अशीच चूक! ओढल्याने पाय अधिकच खिळतात. मुलीने मला बाजूस केले. वाहने उभी करण्याच्या जागी जमिनीवर पांढरे पट्टे आखलेले होते. ती म्हणाली, “आई, खाली बघ. लेझीम आहे असे समज. पट्टा ओलांडायचा. एक, दोन, तीन, चार.” शाळेच्या स्नेहसंमेलनात हिने कितीतरी वर्षे लेझीमचे पथक बसविले होते. पहिले पाऊल उचलले गेले, पट्टा ओलांडला. मग दुसरा, तिसरा. जमिनीवरील रेघ आणि मोजलेला ताल यांनी खिळलेले पाऊल सुटते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या घटकेस मात्र ते आठवले मुलीला.

गाडीत बसल्यावर मी क्षमा मागितली. ही म्हणाली, “तुमचे चुकले ते चुकले. पण तिकडे विमानात मी एकटी पडले होते. इथे नाही पडले.” मग स्वतःच्या मनगटावरील एचएमटीचे चावीचे घड्याळ काढून डॅशबोर्डपाशी ठेवत म्हणाली, “हे न्यू जर्सीच्या वेळेवर लावा आणि फिनिक्स येईपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही.”

तेच झाले. पुढे टेक्सास ओलांडून न्यू मेक्सिकोत शिरताना आणखी एक तास मागे गेला. ॲरिझोनाचा बहुतेक भाग उन्हाळी वेळ पाळत नसल्यामुळे तेथे तिसरा. फोन बदलत राहिले; हिची गोळी मात्र चावीच्या घड्याळावर चालली. फिनिक्सला पोहोचल्यावर आम्ही वेळा थोड्याथोड्या सरकवून स्थानिक घड्याळाशी जुळविल्या.

वारा, फुगे आणि ग्रहण

अमॅरिलो येथे विश्रांतीच्या दिवशी हवामान खात्याचा सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला. मोटारहोमची बाजू म्हणजे शीडच. ताशी चाळीस मैलांहून अधिक झोत असल्यास निघावयाचे नाही, हे आम्ही आधीच ठरविले होते. राखीव दिवसांपैकी एक येथे खर्ची पडला. दिवसभर गाडी डुलत होती आणि आम्ही तिघे पत्ते खेळत होतो.

अल्बुकर्कीला दोन रात्री राहावयाचे माझ्या मूळ यादीत होते. परंतु तेथे दर ऑक्टोबरात उष्ण हवेच्या फुग्यांचा मोठा उत्सव भरतो. २०२३ मध्ये तो ७ ते १५ ऑक्टोबर असा होता, आणि त्यात भर म्हणजे १४ तारखेस त्या शहरावरून कंकणाकृती सूर्यग्रहण जाणार होते. छावणीच्या जागा केव्हाच भरलेल्या. पूर्वीचा मी असतो तर कोठेतरी घुसण्याची खटपट केली असती. आम्ही मात्र ११ तारखेस सांता रोसाहून निघून शहर न थांबता ओलांडले आणि ग्रँट्स या लहान गावी मुक्काम केला. अंतर १९५ मैल. नियम पाळला गेला.

ग्रहणाच्या सकाळी आम्ही ॲरिझोनातील हॉलब्रुकला होतो. तेथे ते खंडग्रास होते. चालकाचे लक्ष आकाशाकडे जाऊ नये म्हणून अकरापर्यंत निघालोच नाही. छावणीतल्या झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे कवडसे एरवी गोल असतात. ते सारे चंद्रकोरीसारखे झाले होते. हिने शेजारच्या गाडीतील दोन लहान मुलांना बोलावून त्यामागचे कारण समजावून सांगितले. आवाज बारीक झाला आहे, परंतु शिकविण्याची पद्धत तीच होती. मुलांनी प्रश्न विचारले. मी गाडीची चाके तपासण्याच्या निमित्ताने दूरच राहिलो.

कड्यावर

१६ ऑक्टोबरला विल्यम्स गावावरून उत्तरेस साठ मैल जाऊन आम्ही घळईच्या दक्षिण कड्यावर पोहोचलो. उंची सुमारे सात हजार फूट. म्हणून आदल्या दिवशी पाणी अधिक, चालणे कमी, आणि उभे राहण्यापूर्वी दोन मिनिटे बसून पाय हलविणे हा क्रम ठेवला होता. कड्यालगत फरसबंद वाट आहे. चाकांची खुर्ची सहज जाते. हिने खुर्ची बाकापर्यंत नेऊ दिली आणि तेथून कठड्यापर्यंत माझ्या हाताला धरून चालत गेली.

२७७ मैल लांब आणि सुमारे एक मैल खोल अशी ती घळई. हिने बराच वेळ काहीच म्हटले नाही. नंतर खालचे थर बोटाने दाखवीत म्हणाली, “मी फळ्यावर नदी फार रुंद काढत होते. ती बघा केवढीशी दिसते.” आणि जरा थांबून, “वेळ मिळाला की केवढीशी नदीसुद्धा हे करते.”

दुसरा राखीव दिवस आम्ही तेथेच खर्च केला. तो कोणत्याही गावाच्या नावावर लिहिला नव्हता, म्हणूनच उरला होता.

शेवटचा उतार फ्लॅगस्टाफहून १७ क्रमांकाच्या मार्गाने, सात हजार फुटांवरून अकराशे फुटांवर. आम्ही तो दोन दिवसांत विभागला. ब्रेक सतत दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये गाडी सावकाश उतरविली. १९ ऑक्टोबरला फिनिक्सला पोहोचलो. एकोणतीस दिवसांपैकी एकोणीस दिवस चाके फिरली, दहा दिवस थांबली. नवरात्र सुरू होते. दसऱ्याचे तोरण नव्या घराला लागले.

आता मागे वळून पाहता

नोव्हेंबरात आम्ही इंदूरला परतलो. परतीच्या विमानात हिने मार्गिकेलगतची जागा घेतली, आणि जमिनीवर रेघ म्हणून ठेवण्यासाठी मुलीने पांढऱ्या फितीचा एक तुकडा दिला. तो दोनदा कामी आला. त्यानंतर आजार पुढे गेला आहे. आता घराबाहेर पडणे म्हणजे राजवाड्यापर्यंत गाडीतून एक फेरी. पुन्हा तसा प्रवास होणार नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. नऊ दिवसांच्या त्या पहिल्या तक्त्याप्रमाणे गेलो असतो, तर बारा स्थळांची छायाचित्रे आज आमच्याजवळ असती, आणि कड्यावर ती बहुधा खुर्चीतच बसून राहिली असती.

मोटारहोम आपल्याकडेही अपरिचित राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परंतु वाहन कोणतेही असो, इंदूरहून बिजासन घाटाने धुळ्यामार्गे पुण्यास जावयाचे असो की आणखी दूर, सूत्रे तीच. दिवसाची मजल रुग्णाच्या आणि चालकाच्या शक्तीवर ठरवावी, गुगलच्या तासांवर नव्हे. उजेडी मुक्काम गाठावा. मार्गावरील रुग्णालये आधी पाहून ठेवावीत. दोन दिवस मोकळे सोडावेत. ज्या अहिल्यादेवींनी यात्रामार्गांवर विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या त्यांच्या नगरीत राहणाऱ्यांना मुक्कामाचे महत्त्व मी वेगळे काय सांगावे?

आणि सर्वांत प्रथम, कागद-पेन्सिल हाती घेण्यापूर्वी, ज्याच्यासाठी प्रवास आहे त्याला विचारावे. आपण डॉक्टर मंडळी नेमके हेच विसरतो. एचएमटीचे ते घड्याळ आता आमच्या जेवणाच्या टेबलावर असते. रोज सकाळी सहाला मी चावी देतो. परवा मी विसरलो, तर ही म्हणाली, “अहो, पट्टा बदलला की काय?”